जुनी, भरपूर फिरलेली पिकअप घ्यावी की नाही? बेळगाव सीमाभागातील अनुभव

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात रताळी आणि बटाटा एकदम काढणीला येतो, आणि त्या दिवसांत भाड्याची गाडी मिळाली तरी गाडीवाला सांगेल तेच भाडे द्यावे लागते. त्यामुळे स्वतःची पिकअप घ्यावी, असा विचार आमच्या घरात बरेच दिवस चालू आहे. आता कोल्हापूर पासिंगची, एमएच 09 क्रमांकाची, 2016 सालची एक डिझेल पिकअप पाहण्यात आली आहे. रनिंग साडेतीन लाख किलोमीटरच्या पुढे गेलेले आहे आणि मालकाची मागणी त्याच वयाच्या इतर गाड्यांपेक्षा बरीच कमी आहे. नवी गाडी कर्जाशिवाय परवडणार नाही, आणि वर्षातले निम्मे महिने दारात उभ्या राहणाऱ्या गाडीचे हप्ते भरणे मनाला पटत नाही.

सीमाभागात ज्यांनी अशी गाडी घेतली, किंवा पाहून नाकारली, त्यांनी कृपया आपले अनुभव लिहावेत. नुसते 'घ्या' किंवा 'घेऊ नका' असे न लिहिता गाडी आधी काय वाहत होती, कोणत्या रस्त्याला होती, घेतल्यावर कोणते काम निघाले आणि कागदपत्रांचे कसे झाले, हे सविस्तर आले तर माझ्यासारख्या इतरांनाही उपयोग होईल.

खानापूर, भाजी वाहतूक

माझी गाडी घेतली तेव्हा ती आपण पाहिलेल्या गाडीपेक्षाही जास्त फिरलेली होती आणि आजही ती रोजच्या कामाला आहे. मीटरवरचा आकडा विचारण्याआधी मी तिचा रस्ता विचारला होता. बेळगावहून भाजी भरून जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाटाने गोव्याला जाणारी गाडी भरलेली उतरते आणि बहुधा रिकामी चढते. तिच्या इंजिनावर फार ओझे येत नाही. झिजतात ते ब्रेक, ड्रम आणि लायनर, आणि चालक उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये धरणारा असेल तर थोडाफार गिअरबॉक्स. उलट कोकणातून चिरा (जांभा दगड) भरून घाट चढणाऱ्या गाडीचे क्लच, इंजिन आणि मागचे हौसिंग (मागच्या आसाचे आवरण) त्याच्या निम्म्या किलोमीटरमध्येच थकलेले असते, मग मीटर कितीही कमी दाखवो. माझ्या गाडीचा आधीचा मालक गोव्यात म्हापशाच्या बाजाराला माल नेत असे. म्हणून सौद्याआधी चारही चाके उघडून पाहिली, ब्रेकचे पूर्ण काम निघणार हे धरूनच किंमत केली आणि ते काम सर्वांत आधी करून घेतले.

चाचणी सपाट रस्त्यावर घेण्यात अर्थ नाही. उतारावर दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर सोडल्यावर गिअर आपोआप न्यूट्रलला उडत असेल, तर तो दोष सपाटीवर वर्षभर लपून राहू शकतो. आपली गाडी कोल्हापूरची आहे, म्हणजे ती बेळगावकडे आणताना राष्ट्रीय महामार्ग 48 वर तवंदी आणि वंटमुरी हे दोन्ही घाट लागतातच. मालकाला गाडी इकडे घेऊन यायला सांगावे, आणि निपाणीपासून स्वतः स्टिअरिंगवर बसावे. शक्य असल्यास हौद्यात थोडे वजनही असू द्यावे.

बेळगाव, उद्यमबाग, डिझेल फिटर

विकणारा मनुष्य गिऱ्हाईक येण्याआधी गाडी सुरू करून तापवून ठेवतो. तापलेले इंजिन बहुतेक दोष झाकते, म्हणून आदल्या दिवशी न कळवता सकाळी लवकर जावे, बॉनेटवर हात ठेवून इंजिन गार असल्याची खात्री करावी आणि मगच स्वतः चावी फिरवावी. गार इंजिन किती वेळ फिरल्यावर सुरू होते आणि सुरुवातीचा धूर कोणत्या रंगाचा आहे, यावरून पुष्कळ कळते. निळसर धूर राहत असेल तर ऑइल जळते आहे. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल तर पाणी आत जात असण्याची शक्यता असते. भार दिल्यावर फार काळा धूर येत असेल तर नोझल, पंप किंवा एअर फिल्टर पाहावा लागतो, आणि हा त्यातल्या त्यात स्वस्त दोष आहे. त्यानंतर इंजिन चालू असताना ऑइल भरायचे झाकण काढावे. तिथून धापा टाकल्यासारखा धूर बाहेर येत असेल, तर बोअर-पिस्टनचे काम जवळ आले आहे, आणि तो खर्च पकडला तर स्वस्त गाडी स्वस्त राहत नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ थर दिसला तर पुढचे काही पाहू नये.

इंजिन कोणत्या प्रकारचे आहे, हेही महत्त्वाचे. देशभर बीएस-4 (गाडीच्या धुराच्या प्रदूषणाचे सरकारी मानक) एप्रिल 2017 पासून आणि बीएस-6 एप्रिल 2020 पासून लागू झाले. बीएस-4 च्या आधीच्या, यांत्रिक पंप असलेल्या गाड्या तालुक्याच्या कोणत्याही चांगल्या मिस्त्रीकडे दुरुस्त होतात. कॉमन रेलच्या (संगणकाने नियंत्रित इंजेक्टर असलेल्या) गाडीला मात्र स्कॅनर लागतो, आणि इंजेक्टर बदलण्याची वेळ आली तर खर्चाचा अंदाज वेगळाच निघतो. 2016 सालच्या गाडीत दोन्हींपैकी काहीही असू शकते, तेव्हा ते आधी विचारून घ्यावे.

टायर नवे दिसले म्हणून समाधान मानू नये. टायरच्या कडेला चार आकडी खूण असते, तिच्यातले पहिले दोन आकडे आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. 2319 म्हणजे 2019 सालातला तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असूनही रबर जुने झालेले टायर मी पुष्कळ गाड्यांना पाहिले आहेत.

धागाकर्ता

आपले आभार. मालकाने फोनवर सांगितले की मागच्या बाजूला जादा पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) घालून गाडी मजबूत केली आहे. ही जमेची बाजू धरावी का?

बेळगाव, उद्यमबाग, डिझेल फिटर

धरू नये. कंपनीने दिलेल्या पाट्यांवर कोणी विनाकारण पैसे घालून आणखी पाटे चढवत नाही. ती गाडी ठरलेल्या वजनापेक्षा जास्त भरत होती, याचा तो पुरावा आहे. आता चेसीकडे नीट पाहावे लागेल. पाट्यांचे ब्रॅकेट जिथे चेसीला जोडलेले असतात तिथे तडा, वेल्डिंगची रेघ किंवा फक्त तेवढ्याच भागाला दिलेला ताजा रंग आहे का, हे गाडी रॅम्पवर चढवून पाहावे. त्याबरोबर हौसिंगमधून तेल गळते का, आणि प्रोपेलर शाफ्टचे (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्याचे) क्रॉस ढिले आहेत का, हेही पाहून घ्यावे.

अथणी, द्राक्ष बागायतदार

माझा अनुभव उलट्या बाजूचा आहे. मला सत्तर हजार किलोमीटर दाखवणारी गाडी दाखवण्यात आली होती. पण क्लच आणि ब्रेकच्या पेडलांचे रबर गुळगुळीत झालेले, चालकाच्या बाजूचा दरवाजा बिजागरीत लोंबलेला आणि स्टिअरिंगची पकड झिजून चकचकीत. मीटर मधली काही वर्षे बंद होते, हे शेवटी मालकानेच मान्य केले. मी ती घेतली नाही. साडेतीन लाखांचा आकडा उघड सांगणारा मालक मला तुलनेने बरा वाटतो.

निपाणी, किराणा घाऊक व्यापार

आमच्याकडे केए 23 (चिकोडी) आणि एमएच 09 क्रमांकांच्या गाड्या एकाच गल्लीत उभ्या असतात, त्यामुळे पलीकडच्या राज्याची गाडी घेणे कोणाला वेगळे वाटत नाही. कायद्याला मात्र ते वेगळे वाटते. दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ कर्नाटकात ठेवायची असेल, तर इथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), म्हणजे नमुना 28, लागते आणि त्यावर चेसी क्रमांकाचा पेन्सिल प्रिंट (क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलने घासून घेतलेला ठसा) द्यावा लागतो. मालकी बदलण्यासाठी नमुना 29 आणि 30, नव्या क्रमांकासाठी नमुना 27, आणि गाडीवर कर्ज होते असे आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) दिसत असेल तर फायनान्सवाल्याच्या सहीचा नमुना 35. इथला कर नव्याने भरावा लागतो, आणि तिकडे आगाऊ भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मिळावा म्हणून वेगळा अर्ज करावा लागतो. हा सगळा खर्च आणि त्यात जाणारा वेळ किमतीत धरला, तर पलीकडची 'स्वस्त' गाडी आणि इथली केए 22 ची (बेळगाव पासिंगची) थोडी महाग गाडी यांत फारसे अंतर उरत नाही.

माझ्या बाबतीत कर्ज फिटून बराच काळ झाला होता, पण आरसीवरचा बोजा कोणी उतरवलाच नव्हता, आणि जिथून कर्ज घेतले होते ती फायनान्सची शाखा तोवर बंद झाली होती. तो कागद मिळेपर्यंत गाडी माझ्या दारात आणि नाव दुसऱ्याचे, अशी स्थिती राहिली. म्हणून सौद्याआधीच परिवहनच्या अॅपवर क्रमांक टाकून बोजा, विम्याची व फिटनेसची मुदत आणि थकलेले चलन (दंड) पाहून घ्यावे. विकणारा हाच नोंदलेला मालक आहे ना, हे मूळ आरसीवर पाहावे. नोटरीच्या कागदावर दोनदा हात बदललेल्या गाड्या आपल्या भागात कमी नाहीत.

मालवाहू गाडीचे पासिंग, म्हणजे फिटनेसची तपासणी, आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी करावे लागते. आपली गाडी दर वर्षीच्या गटात येते. आरसीवरचे एकूण वजन 3,000 किलोच्या आत असेल तर परमिटची गरज नसते, पण काही पिकअप या मर्यादेच्या वर असतात, म्हणून आकडा वाचावा. विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. चालकाविषयी म्हणाल, तर साध्या एलएमव्ही (हलके मोटार वाहन) परवान्यावर 7,500 किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केले आहे.

लोंढा, काजू व किराणा

गोव्याकडची एक गाडी फार कमी किमतीत मिळत होती. इंजिन उत्तम होते. हौद्याचा पत्रा नवा आणि रंग ताजा पाहून आमच्या मिस्त्रीमामांनी विचारले की आधी काय वाहत होती, तेव्हा मासळी असे उत्तर आले. बर्फाचे खारे पाणी वर्षानुवर्षे हौद्यातून खाली ठिबकते आणि आडवे चॅनेल, ब्रेकच्या नळ्या आणि चेसी आतून खाऊन टाकते. खाली वाकून पाहिल्यावर चेसी क्रमांकाचे काही अंक गंजाने अस्पष्ट झालेले दिसले. वर सांगितलेला पेन्सिल प्रिंट ज्याचा उमटणार नाही, ती गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊन काय करणार? आम्ही परत आलो. आमच्याकडच्या पावसात बाहेर उभी राहणारी गाडी तशीही लवकर गंजते.

संकेश्वर, मिरची उत्पादक

मी न घेण्याचा निर्णय घेतला, आणि तोही इथे नोंदवावा असे वाटते. गाडी उभी असली तरी विम्याचा हप्ता, पासिंग आणि कर थांबत नाहीत, बॅटरी उतरते आणि टायर उन्हाने तडकतात. आम्ही शेजारच्या काही शेतकऱ्यांनी मिळून एका गाडीवाल्याशी हंगामापुरता ठराव केला : दर आधी ठरलेला, काही रक्कम आगाऊ, आणि काढणीच्या दिवसांत पहिला हक्क आमचा. आपला अर्ध्या वर्षाचाच उपयोग असेल, तर हा हिशोब एकदा मांडून पाहावा. उरलेल्या महिन्यांत गाडी भाड्याने फिरवायला घरचा कोणी तयार असेल, तर गोष्ट वेगळी.

चिकोडी, दूध संकलन

मी पलीकडचीच गाडी घेतली, सांगलीची. मिस्त्रीला बरोबर नेऊन लगेच करावी लागणारी कामे कागदावर लिहून घेतली, त्यात नव्या क्रमांकाचा आणि कराचा खर्च मिळवला आणि ती बेरीज मालकापुढे ठेवली. मागणीतून सगळी वजा झाली नाही, पण मोठा भाग झाला. दुसरी अट अशी घातली की ठरलेल्या रकमेचा एक भाग एनओसी हातात पडल्यावरच मिळेल. मालक आधी रागावले, दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. विक्रीच्या करारात ही अट लिहून दोघांनी सह्या केल्या आणि गाडी ताब्यात घेतल्याची तारीखच नव्हे तर वेळही नोंदवली, कारण त्याआधीच्या चलनाची जबाबदारी कोणाची, हा वाद नंतर नको होता. एनओसीसाठी मग मला फोन करावे लागले नाहीत, त्यांनीच चकरा मारल्या.