मदत हवी आहे: २०१६ची बारोलो आता उघडावी की अजून मुरू द्यावी?

नमस्कार. मी इटलीत तुरिन येथे राहतो. येथून जवळच्या लांगे टेकड्यांतील सेरालुंगा दाल्बा या गावची २०१६ सालची बारोलो ही लाल वाइन घेऊन ठेवली असून, ती केव्हा प्यावी आणि तोवर कशी सांभाळावी, याबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे.

बारोलो केवळ नेब्बियोलो द्राक्षांपासून होते आणि किमान ३८ महिने, त्यांतले १८ लाकडी पिंपात, मुरवल्याशिवाय ती विकता येत नाही. याच भागातील ला मोर्रा गावची वाइन तुलनेने लवकर मऊ होते, सेरालुंगाची मात्र टॅनिनने (तुरटपणा देणाऱ्या घटकाने) भरलेली आणि दीर्घायुषी समजली जाते. त्यात २०१६चा हंगाम उत्कृष्ट मानला जातो. नुकतीच एक बाटली उघडली. रंग फिका, कडेला विटकरी झाक. वास सुकलेल्या गुलाबपाकळ्यांचा आणि त्यामागे डांबराचा, फारच लोभस. पण घोट घेताच कच्ची सुपारी चघळावी तसा तुरटपणा हिरड्या आवळून धरत होता आणि फळाची चव त्याखाली दबून जात होती. अर्धी बाटली बूच लावून ठेवली, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीच वाइन बरीच सैलावली होती, चेरीची चव पुढे आली होती आणि आंबटपणा तसाच टवटवीत होता. यावरून तिच्यात अजून पुष्कळ आयुष्य आहे असे मला वाटते. पण दिवसभर लागलेल्या हवेवरून पुढच्या दहा वर्षांचा अंदाज बांधणे कितपत योग्य ठरेल?

खरी अडचण साठवणीची आहे. सध्या बाटल्या इमारतीच्या तळघरात, अंधारात आडव्या ठेवल्या आहेत. तेथे हिवाळ्यात १२ अंश, तर ऑगस्टमध्ये २१ अंशांपर्यंत तापमान जाते, मात्र हा बदल अगदी सावकाश होतो. एवढे चालण्यासारखे आहे का? पुढील वर्षी मी पुण्याला परतणार आहे. प्रवाशाला दोन लिटरच मद्य करमुक्त आणता येते, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोनच बाटल्या. शिवाय पुण्याच्या उन्हाळ्यात वाइन कूलर लागणारच, आणि मे महिन्यात काही तास वीज गेली तर वर्षानुवर्षे जपलेली वाइन धोक्यात येईल, ही भीती आहे.

पुणे, नाशिक किंवा मुंबईत घरच्या कूलरमध्ये अशी वाइन अनेक वर्षे सांभाळलेल्या कोणी अनुभव सांगितल्यास फार उपकार होतील. दोन बाटल्या सोबत आणाव्यात, की सगळ्याच येथील मित्राच्या तळघरात सोडाव्यात? आणि जाण्यापूर्वी आणखी एक उघडायची झाल्यास, किती तास आधी डिकँटरमध्ये (वाइनला हवा लागावी म्हणून वापरायच्या काचेच्या भांड्यात) ओतावी?