‘ययाति’चा नाच करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

आठवी_गल्ली
आमच्या हौशी ग्रुपात रविवारी जोरदार वाजलं. खांडेकरांच्या ‘ययाति’वर समकालीन नृत्यनाट्य करायचं घाटतंय. राज्य नाट्य स्पर्धेसाठी नव्हे, असंच, कोल्हापुरात शाहू स्मारकला दोन प्रयोग. बसवणारी मुलगी पुण्याची, नाच शिकलेली परदेशात. तिचं म्हणणं, एकही वाक्य बोलायचं नाही. निवेदन नाही, पडद्यावर अक्षरं नाहीत, आणि हालचाली मर्दानी खेळातून घ्यायच्या. निम्मे लोक म्हणाले, मग यात खांडेकर राहिले कुठं?

माझं मत सांगतो, मग शिव्या घाला. अख्खी कादंबरी नाचता येत नाही आणि नाचूही नये. ‘ययाति’ (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीनं सांगतात, जो तो आपली बाजू सावरत. ‘मी तसा वागलो, कारण...’ यातलं ‘कारण’ अंगानं कसं दाखवणार? पण एक गाठ अशी आहे की ती शब्दांपेक्षा अंगानंच जास्त कळेल. बाप मुलाचं तारुण्य घेतो. दोन माणसं समोरासमोर. एकाचा कणा सरळ होत जातो, दुसऱ्याचा वाकत जातो. पांढरी दाढी नको, काठी नको. वाचताना आपण ‘पुराणातला चमत्कार’ म्हणून पान उलटतो. डोळ्यांसमोर सावकाश घडलं तर बघवणार नाही. तेवढंच करावं, चाळीस मिनिटं.

तैवानच्या क्लाउड गेट या नृत्यसंस्थेचं १९९४ चं एक काम आहे. हेसेच्या ‘सिद्धार्थ’वरून सुचलेलं. म्हणजे जर्मन लेखक, बुद्धाच्या काळातला भारत, बसवणारे लिन ह्वाय-मिन तैवानचे आणि गाणी जॉर्जियाची. त्यात कादंबरीची गोष्ट सांगतच नाहीत. रंगमंचावर साडेतीन टन तांदूळ आणि एक भिक्षू प्रयोगभर हात जोडून उभा, डोक्यावर तांदळाची धार.

विंगेतले_नाना
साडेतीन टन! आजऱ्यात घनसाळ तांदूळ पिकवणाऱ्याला हे सांगू नका, नाटकाचं नाव टाकील.

आता मुद्द्याचं. बाप-लेकाचा प्रसंगच हवा असेल तर तो महाभारतात फुकट पडलाय. तिकिटावर खांडेकर कशाला? कोल्हापुरात ते नाव खपतं म्हणून. महाभारतातला कच संजीवनी विद्या घेऊन निघून जातो. खांडेकरांनी त्याला परत आणला आणि ययातीसमोर उभा केला. ही त्यांची भर. तुमच्या चाळीस मिनिटांत कच आहे? नसेल तर ते ‘ययाति’ नव्हे, ययातीची गोष्ट. आणि कच ठेवलात तर वारसांची परवानगी लागते. भाऊसाहेब खांडेकर १९७६ ला गेले, लेखकाचा हक्क मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो, म्हणजे २०३६ संपेपर्यंत. पत्र पाठवलंत का?

दुसरं. केशवराव भोसले नाट्यगृहाच्या विंगेत माझी पंचवीस वर्षं गेली. (२०२४ च्या ऑगस्टात ते जळत होतं तेव्हा खासबागेच्या बाजूला उभा होतो. असो.) शेवटच्या रांगेतल्या मावशीला गोष्ट कळेनाशी झाली की ती शेजारणीला भाजीचा भाव विचारते. तुमच्या कण्याकडं ती चाळीस मिनिटं बघेल?

तोडा_तुकडा
बघेल, नाना. ययाति कोण हे त्या मावशीला माहीत असतं, परदेशातल्या प्रेक्षकाला नसतं. तरी २०१६ साली लंडनमध्ये नृत्यकार अक्रम खान यांनी महाभारतातल्या अंबेची गोष्ट केलीच ना? कार्तिका नायर यांच्या कवितांच्या पुस्तकावरून. अंबा झाली तैवानची नर्तिका. मोठं पुस्तक, पण त्यांनी त्यातली एक बाई उचलली.

माझं भांडण धागाकर्त्याशी आहे. शरीराला ‘कारण’ सांगता येत नाही, हे कुणी सांगितलं? वीस वर्षं कथक शिकवतेय. एका ओळीवर दहा वेगवेगळे भाव दाखवणं हा आमचा रोजचा रियाज. देवयानी एकच हालचाल तीनदा करील. एकदा खरी, एकदा ययातीला दिसावी म्हणून, एकदा आरशासाठी. स्वतःशी खोटं बोलणारी बाई याहून वेगळी काय असते? तुम्ही दोन पुरुषांचा कणा घेतलात आणि दोन्ही बायका गाळल्या. शर्मिष्ठेचं तर नावही पुढं घेतलं नाहीत.

आठवी_गल्ली
आरशाचं पटलं. बायका गाळल्या हेही खरं, लागलं ते.

पेठकरी
मी बोलू काय? कादंबरी मी वाचलेली न्हाई, पर तालमीत वाढलोय. मर्दानी खेळातनं हालचाली घेणार म्हणता. घेणार म्हंजे कशा? आमच्यात आधी पवित्रा. तो पायात बसल्याबिगर वस्ताद पट्टा, म्हंजे लांब पात्याची तलवार, हातात देत न्हाईत. तुमचं दोन दिवसांचं वर्कशॉप, फोनवर व्हिडिओ, आन् प्रयोगाच्या कागदावर आमच्या वस्तादांचं नाव शेवटच्या ओळीत, तेबी चुकीचं. झालंय असं मागं एकदा, म्हणून बोलतोय. परदेशाशी देवाणघेवाण करताय, करा. शिवाजी पेठ तुम्हाला परदेशापेक्षा लांब वाटती काय?

विंगेतले_नाना
लाख बोललास बघ.

तोडा_तुकडा
पण पेठकरी, मग कुणीच काही घ्यायचं नाही का? लढाईतली हालचाल रंगमंचावर आली की ती बदलणारच. पट्टा मारण्यासाठी फिरतो, नाचात तो कुणालाच लागणार नसतो.

पेठकरी
बदला की. पर आधी येऊ दे तरी. आन् म्हातारा कसा वाकतो ते तुमाला दाखवतो. आमचे वस्ताद पंच्याहत्तरचे हायत. चालताना वाकलेले दिसतात, हातात विटा, म्हंजे दोरी बांधलेला भाला, दिला की ताठ. मिनिटभरच, मग खोकला येतो.

आठवी_गल्ली
हे मी बसल्या जागी दोनदा वाचलं. कधी येऊ? बसवणारीला घेऊन येतो.

पेठकरी
पहाटे साडेपाच. चपला बाहेर. व्हिडिओ न्हाई.

विंगेतले_नाना
आणि परवानगीचं पत्र?