अनुभव सांगा: सांगितल्यावर भुंकणारं, सांगितल्यावर गप्प होणारं पिल्लू

सुरंगी, वेंगुर्ले

दिवाळी झाली की वाडीत ठिकठिकाणी पिल्लं दिसायला लागतात आणि आंब्याचा मोसम येईपर्यंत ती खळ्यात, बागेत धावायला लागलेली असतात. तेव्हा घरोघरी एकच अपेक्षा असते, याने भुंकलं पाहिजे. थोड्याच दिवसांत त्याच घरातून तक्रार येते, याचं तोंड बंदच होत नाही. सांगितल्यावर भुंकणं आणि सांगितल्यावर थांबणं या दोन्ही गोष्टी गावठी पिल्लूसुद्धा छान शिकतं. ज्यांनी शिकवलंय त्यांनी इथे सविस्तर लिहावं, म्हणून हा धागा.

सुरुवात मी करते. आमचा काळू तीन महिन्यांचा होता. बेड्याची, म्हणजे अंगणाच्या फाटकाची, कडी वाजली की तो हमखास भुंकायचा, तेव्हा तीच कडी कामाला लावली. भाऊ बेड्याबाहेर उभा. मी आधी हळूच "बोल" म्हणायची, मग भाऊ कडी वाजवायचा. काळू भुंकला की त्याच क्षणी "हां!" आणि तोंडात तुकडा. तुकडा त्या क्षणालाच मिळायला हवा. उशीर झाला तर तोवर पिल्लू बसलेलं असतं, जमीन हुंगत असतं, आणि तुकडा कशाचा मिळाला हे त्याला कळत नाही. असं होता होता एके दिवशी "बोल" म्हटल्यावर कडी वाजायच्या आतच तो भुंकला. तिथून कडी बंद केली.

"वगी", म्हणजे आमच्याकडे गप्प, हे त्याच आठवड्यात शिकवायला घेतलं. तुकडा नाकाजवळ धरला की पिल्लू हुंगायला लागतं, आणि हुंगताना त्याला भुंकता येत नाही. तेवढ्या शांततेत "वगी" म्हणायचं आणि तुकडा द्यायचा. मग ती शांतता हळूहळू लांबवायची. आपण वरच्या पट्टीत ओरडलो तर त्याला वाटतं आपणही भुंकतोय, त्यामुळे आवाज खालीच ठेवायचा.

पिल्लाला शब्द कळला की न सांगता भुंकल्याबद्दल मात्र काही द्यायचं नाही. नाहीतर ते चुलीपाशी येऊन भुंकून खाऊ मागायला लागतं.

तुकडा म्हणजे उकडलेलं चिकन, अंडं किंवा काटा काढलेला अळणी मासा. सुकट-सुकी मासळी नको, तिच्यात मीठ फार असतं.

रातांबा, देवगड

आमच्याकडे हापूसची बाग आहे. पिल्लाला भुंकवायचं काम माकडांनीच केलं. टोळी कलमांवर उतरली की वाघ्या पेटायचा, आम्ही त्यावर "हाकल" हा शब्द बसवला. एक गोष्ट सांगतो. कुत्रा रोज एकाच जागेवरून भुंकत राहिला तर माकडं सरावतात, त्याच्या डोक्यावरच्या फांदीवर बसून फळं खातात. वाघ्याला बरोबर घेऊन बागेच्या वेगवेगळ्या टोकांना जायचं आणि तिथे "हाकल" म्हणायचं, याचा उपयोग झाला. पण लहान पिल्लू टोळीवर एकटं सोडू नका. मोठा नर उलटला तर पिल्लाला फाडतो.

खाजणकाठ, गुहागर

आमची चिंगी भुंकायचीच नाही. बाजारात कुणीतरी सोडून दिलेली, आणली तेव्हा पोट खपाटीला. दारावर थाप मारली की भुंकायच्या ऐवजी ती पडवीतल्या बाकाखाली शिरायची आणि शेपूट पोटाखाली. सुरंगीताईंची कडीची रीत इथे चालली नसती, कारण तो आवाजच तिला भीतीचा होता. घाबरलेल्या पिल्लाकडून भुंकणं काढून घेऊ नये असं माझं पक्कं मत आहे. त्यातून शिकतं ते भीतीच.

मग खेळातून गेलो. काथ्याच्या दोरीला गाठ मारून तिचं खेळणं केलं. ती दोरीवर जीव टाकायची. दोरी तिच्या नाकासमोर धरायची, हलवायची, आणि मग हात स्थिर. ती माझ्याकडे बघायची, पुढचे पाय आळीपाळीने उचलायची, कान मागे-पुढे, आणि नाकातून बारीक कुंई निघायची. त्या कुंईलाच "हां" म्हणून दोरी द्यायची. काही दिवसांनी नुसत्या कुंईवर दोरी देणं थांबवलं, जरा थांबून राहिलो. तिने घशातून "ब्फ" केलं, तोंड मिटलेलंच, गाल मात्र फुगले. त्याला दोरी. पुढे "ब्फ"ला तोंड फुटलं. पहिल्यांदा खणखणीत भुंकली तेव्हा स्वतःच दचकली, मागे वळून बघितलं आवाज कुठून आला ते, आणि मग शेपूट जोरजोरात हलवत दोरी घेऊन अंगणभर पळाली. आई पडवीतून धावत आली, तिला वाटलं दुसरंच कुत्रं शिरलं.

एका वेळी चार-पाच मिनिटंच घ्यायचो, आणि तिचं मन भरायच्या आत थांबायचो. आज चिंगी अनोळखी माणसाला बाकाखालून नाही, पायरीवरून बघते. भुंकायला शिकली यापेक्षा मला त्याचा आनंद जास्त आहे.

डोलकाठी, हर्णै

बंदरावर शिकवायला घेऊ नका. संध्याकाळी मासळीचा लिलाव, होड्यांची इंजिनं, माणसांचा कालवा, त्यात पिल्लू काय ऐकणार? घरी पक्कं झाल्यावर आम्ही आधी सामसूम असताना किनाऱ्यावर नेलं आणि नंतर लिलावाच्या वेळी लांबून. आवाज पोचत नाही म्हणून हाताची खूणही शिकवली. बोटं चोचीसारखी उघडमीट केली की भुंक, मूठ मिटली की गप्प. आधी खूण, लगेच शब्द, या क्रमाने. कुत्री आपल्या हाताकडे फार बारकाईने बघतात, खूण शब्दापेक्षा लवकर उचलतात.

उंडी, वेळासजवळ

आमच्याकडे मोसमात ऑलिव्ह रिडले कासवं रात्री अंडी घालायला वाळूवर येतात. कुत्री घरटी उकरतात, पिल्लं पकडतात. त्यामुळे किनाऱ्यावरच्या घरांनी "गप्प" आणि "ये" हे आधी शिकवावं, आणि त्या महिन्यांत रात्री कुत्रं घरातच ठेवावं.

दगडीपाळ, महाड

2021 च्या जुलैत तळीयेची दरड कोसळली, तेव्हापासून आमच्या भागात शोधपथकांच्या कुत्र्यांबद्दल लोक कुतूहलाने बोलतात. ढिगाऱ्याखाली जिवंत माणसाचा वास लागला की ही कुत्री भुंकून सांगतात. त्याचं मूळ या धाग्यात चाललंय तेच आहे, वासावर भुंक आणि बक्षिसाचा खेळ मिळव. पुढची तयारी फार मोठी असते, ती घरी होत नाही. पण माझ्या मुलीने आमच्या पिल्लाला घरातली लपलेली माणसं शोधून भुंकायला शिकवलंय. आजोबा माच्यामागे लपतात. पिल्लू शोधून भुंकतं आणि आजोबांच्याच हातून तुकडा घेतं. पावसाळ्यात बाहेर पडता येत नाही तेव्हा याहून चांगला खेळ नाही.

कुडाची भिंत, दापोली

मला जरा कळकळीने लिहायचंय. आमच्याकडे बिबट्या येतो. लोक पिल्लाला भुंकायला शिकवतात आणि रात्री अंगणात साखळीला बांधून ठेवतात, म्हणजे बिबट्या आला की कळेल. कळतं, पण कुत्रं जातं. शेजारच्या वाडीतला शेरू असाच गेला, सकाळी खुंट्याला साखळी तेवढी होती. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, आणि बिबट्याला कुत्रं हे सोपं भक्ष्य आहे. त्याच्यापायीच तो घरापाशी येतो.

भुंकायला जरूर शिकवा. आमचा खंड्या रात्री दार लावलेल्या पडवीत झोपतो. बाहेर काही हाललं की आतून भुंकतो, मी उठून बाहेरचा दिवा लावते, खिडकीतून बघते आणि मग त्याला "पुरे" म्हणते. त्याचं काम सांगण्याचं, पुढचं माझं. आखूड साखळीला तासन्‌तास बांधून ठेवणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. चिडखोर व्हावं म्हणून पिल्लाला बांधून, काठीने डिवचून भुंकायला लावण्याची जुनी पद्धत अजून काही ठिकाणी आहे. त्यातून राखण करणारं कुत्रं होत नाही, पोस्टमनला आणि शाळेतल्या पोरांना चावणारं कुत्रं होतं.

शिंपला, मुरूड

छान माहिती मिळतेय. आमचं पिल्लू दोन महिन्यांचं आहे आणि घरात तान्हं बाळ आहे. भुंकणं आताच शिकवावं का? आणि गणपतीत घर भरलेलं असतं, फटाके असतात, तेव्हा काय करता?

सुरंगी, वेंगुर्ले

शिंपला, आताच घाई नको. आधी नावाला ओ देणं, हाक मारल्यावर येणं, बसणं हे होऊ दे. लसी वेळेवर घ्या, रेबीजची तीन महिन्यांच्या सुमारास असते, डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे. बाळ आहे म्हणून मी तरी "गप्प" आधी शिकवेन. पिल्लू आपणहून भुंकेलच, ते थांबलं त्या क्षणी शब्द आणि तुकडा. "बोल" नंतर.

गणपतीत काळूची खोली मागची, माजघरापलीकडची. आरती सुरू व्हायच्या आधी त्याला तिथे नेते, पंखा लावते, चघळायला काहीतरी देते. फटाक्यांना भुंकला तर "वगी" म्हणत बसत नाही. ते भीतीचं भुंकणं असतं, तिथे आज्ञा चालत नाही, कुणीतरी जवळ बसावं लागतं. आमच्याकडे ती पाळी भाच्यांनी आपसात वाटून घेतलीय.