बीए इतिहास: करू द्यावं की वेळीच अडवावं?

मीनल_सांगली
लेकीची बारावी आर्ट्स झाली, ८४ टक्के. तिला पुण्यात बीए इतिहासच करायचंय. सासूबाई म्हणतात, "शिकू दे गं." दीर म्हणतात, "वहिनी, बीकॉमला घाला, नाहीतर नंतर रडाल." नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांची पदवी किंवा चौथं वर्ष ऑनर्स, शिवाय मेजर-मायनर, म्हणजे मुख्य विषय आणि जोडविषय. मायनर काय घ्यावं? की मुळात नकोच?

तासिकावाला
नकोच. एमए इतिहास, सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) पास, आठ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय. जितके तास तितके पैसे, सुट्टीत ठणठणाट. कायम जागेची जाहिरात निघते तोवर स्पर्धेत आपल्यापेक्षा तरुण पोरं आलेली असतात. आणि यूपीएससीचं म्हणाल, तर तिथे इतिहास हा ऐच्छिक विषय कुठल्याही पदवीधराला घेता येतो. इंजिनिअरही घेतात. त्यासाठी बीए कशाला?

रुमाल_सोडणारा
सर, तुमचं दुखणं खरं आहे, पण ते प्राध्यापकीचं. पदवीचे प्लॅन आपण नेहमी "पुढे मास्तर व्हायचं" एवढ्यावरच का संपवतो?

मीनलताई, मायनरपेक्षा लिपी महत्त्वाची. पहिल्या वर्षापासून मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी, जमलं तर जोडीला फारसी. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं टांगतात. शब्द तुटत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो. त्यात सालं अरबी संख्याशब्दांत. ‘समान खमसैन मया अलफ’ म्हणजे आठ, पन्नास, शंभर, हजार, म्हणजे शुहूर सन (मराठी कागदांतली जुनी कालगणना) ११५८. इसवी सनासाठी त्यात ५९९-६०० मिळवा: १७५७-५८, मराठ्यांनी अटकेचा किल्ला घेतला ते वर्ष. हे एकदा जमलं की चटक लागते, मी आधीच सांगून ठेवतो.

पुण्यातल्या पेशवे दफ्तरात, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या संग्रहात, असल्या कागदांचे हजारो रुमाल (कापडी गठ्ठे) बांधून ठेवलेत. इतिहासकार रियासतकार सरदेसाईंनी निवडून ४५ भाग छापले, तरी ते चिमूटभरच. वाचणारे कुठे आहेत? २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा तालुक्या-तालुक्यात मोडी वाचकांची शोधाशोध सुरू झाली, आठवतंय ना?

तासिकावाला
आठवतंय! नोंदी वाचून झाल्या की वाचक घरी. ती लाट होती, नोकरी नव्हे. लाटेवर कुणी घर बांधतं का?

रुमाल_सोडणारा
घर नका बांधू, जोडधंदा तर करा. जमिनीचे जुने वाद, देवस्थानांच्या सनदा, इनामाचे कागद, वकील लोक दारात येतात. पैसे थोडेथोडके, पण येतात. पुढे डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वही आहे.

गोव्याची_माई
आमच्याकडे पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज कागद ढिगांनी. भाषा येणारे हाताच्या बोटांवर. फक्त मोडीवर अडू नका.

तासिकावाला
मीनलताई, घालायचंच असेल तर मायनर अर्थशास्त्र घ्या. पुढे एमबीए-बँकेकडे वळायला सोपं जाईल. आणि चौथं वर्ष तिसऱ्याचा निकाल बघून ठरवा, आज नको.

मीनल_सांगली
हे पटलं. सासूबाईंच्या ट्रंकेत आजेसासऱ्यांचं एक जुनं खत निघालं, मोडीतलं. रुमालदादा, फोटो पाठवू का? लेक काल तासभर ते घेऊन बसली होती, फक्त ‘श्री’ लागला. दीर अजून फुगलेलेच आहेत.