शब्दचर्चा: मॉनिटर 'ओव्हरक्लॉक' करणे – वाढवणे, चढवणे की ताणणे?

महालकर
आमच्या वाचनालयातल्या संगणक खोलीसाठी मराठीत सूचनाफलक लिहितोय. तिथले मॉनिटर ६० हर्ट्झचे, म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने येतं (यालाच 'रिफ्रेश रेट' म्हणतात). पोट्टे परस्पर ७५ वर नेऊन ठेवतात आणि मागून येणाऱ्याला काळा पडदा दिसतो. "मॉनिटर ओव्हरक्लॉक करू नये" असं लिहिलं तर निम्म्या लोकांना कळणार नाही. समितीतल्या एकांनी 'अतिकालन' सुचवलं. मला तर तो ओव्हरटाइमचा भत्ता वाटला. बोलण्यात खरोखर असलेला शब्द हवा. 'रिफ्रेश रेट'लाही काही असेल तर सांगा, पण 'ताजेतवानेपणाचा दर' नको, हात जोडतो.

फुटाळा
आमच्यात सरळ 'ओसी केला' म्हणतात, ओव्हरक्लॉकचं लघुरूप. नाहीतर '७५ वर चढवला'. आणि विकत घेताना पहिला प्रश्न असतो, "हा ७५ घेतो का?"

बर्डीवाला
भाऊ, घड्याळ कायले आणता मधात? दुकानात पोट्टे येऊन म्हणतात, "काका, याले चढवून द्या ना." मी विचारतो, वाढवून पायजे का ताणून पायजे? दोन येगळ्या गोष्टी हायेत. कितीतरी मॉनिटर मुळातच ७५ चे असतात, विंडोजनं ६० वर ठेवलेले असतात. डिस्प्लेच्या सेटिंगमधी यादी उघडली का ७५ तिथंच बसून असते. ते निवडलं तं त्याले ओव्हरक्लॉक कायचं म्हणता? ते झालं वाढवणं. यादीत नसलेला आकडा आपण घुसवला, तं ते ताणणं.

प्रूफवाली
बर्डीवाल्यांचा भेद मला पटला. मॉनिटर आपली माहिती स्वतःच ग्राफिक्स कार्डाला कळवतो. त्या नोंदीला ईडीआयडी म्हणतात आणि कुठले दर झेपतात ते तिच्यात असतं. नोंदीतला दर निवडला तर 'वाढवला'. नोंद बाजूला सारून एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमधून किंवा सीआरयू (कस्टम रिझोल्यूशन युटिलिटी) सारख्या प्रोग्रॅममधून स्वतःचा आकडा लिहिला तर 'ताणला'. ताणण्यात जोखमीची छटा आपोआप येते, 'तुटेपर्यंत ताणू नये' आपण म्हणतोच. 'चढवणे' मात्र दोन्हीकडे चालतं, म्हणून फलकावर नको.

'रिफ्रेश'बद्दल माझं मत, तो तसाच राहू द्या. फक्त एक अडचण आहे. आपल्याकडे 'रिफ्रेश मारणे' म्हणजे डेस्कटॉपवर राइट क्लिक करून उगाच तीन-चारदा दाबणं. त्या रिफ्रेशचा या रेटशी काही संबंध नाही. फलकावर 'पडद्याचा हर्ट्झ दर' लिहिलंत तर गोंधळ टळेल. शाळेच्या पुस्तकातला 'वारंवारता' अर्थाने अगदी बरोबर आहे. आकाशवाणीच्या नागपूर केंद्राचे मिडियम वेव्हवरचे ५८५ किलोहर्ट्झ ही वारंवारता आणि पडद्याचे ६० हर्ट्झ हीसुद्धा वारंवारताच. पण "मॉनिटरची वारंवारता वाढवली" असं कोणी बोलताना मी ऐकलेलं नाही.

महालकर
'ताणणे' आवडला. पण मग मुळात 'क्लॉक' कुठून आलं? मॉनिटरमध्ये ताणतो ते नेमकं काय?

प्रूफवाली
तो क्लॉक भिंतीवरचा नाही. पडद्यावरचे ठिपके एकामागून एक ज्या ठेक्यावर धाडले जातात, तो पिक्सेल क्लॉक. १९२० × १०८० च्या पडद्याला प्रत्यक्षात २२०० × ११२५ इतके ठिपके मोजून पाठवतात. दिसणाऱ्या चित्राभोवती छापील पानासारखा न दिसणारा समास असतो. त्याला ६० ने गुणा, सेकंदाला १४ कोटी ८५ लाख. म्हणजे १४८.५ मेगाहर्ट्झ. तोच समास ठेवून ७५ केलंत की १८५ च्या वर जातं. मॉनिटर जोडायच्या जुन्या सिंगल लिंक डीव्हीआय केबलची मानकातली मर्यादा १६५ मेगाहर्ट्झ, सुरुवातीच्या एचडीएमआयचीही तेवढीच. म्हणून माहीतगार लोक आधी समास कापतात. तरी नेहमीच्या कापलेल्या समासाने १६५ मध्ये साधारण ७१ हर्ट्झपर्यंतच हात पोचतो. एचडीएमआय १.३ पासून ही मर्यादा ३४० झाली, तिथे केबलची अडचण उरत नाही. मग पडद्यामागचं सर्किट किती सोसतं तेवढाच प्रश्न.

थोडक्यात, हर्ट्झ वाढवायला क्लॉक वाढवावाच लागतो, म्हणून इंग्रजीत तो शब्द चिकटला. मराठीने तो ओढून आणायची गरज नाही.

फुटाळा
असूसच्या पीजी२७९क्यू या मॉनिटरमध्ये मेनूतच 'ओव्हरक्लॉकिंग' असा पर्याय आहे, १४४ चे १६५ होतात. कंपनीनेच दिलंय. ते वाढवणं की ताणणं?

बर्डीवाला
कंपनीनं लिहून दिलं म्हणजे वाढवणं. नाव काही का ठेवेना. जाहिरातीले 'ओव्हर' लागते बाप्पा, त्याशिवाय पोट्टे पैसे काढत नाहीत.

फुटाळा
आणि २०१३ च्या सुमारास लोक कोरियाचे क्यूनिक्सचे २७ इंची मॉनिटर मागवायचे. ६० चे होते, ९६ वर आरामात चालायचे, काही काही १२० वरही.

बर्डीवाला
ते ताणणं. एकाच मालातला एक १२० घेते, दुसरा ९० ले रडते, नशिबाचा खेळ हाय तो. डब्बा मॉनिटरच्या काळात तं लई सांभाळून करा लागे. ६० वर पडदा फडफडे, डोये दुखत, म्हणून ७५ का ८५ वर ठेवत. पण झेपत नाही तेवढं दिलं का आतून शिट्टी वाजे, अन जास्त वेळ तसंच ठेवलं तं आतला एखादा पार्ट जाई. आताचे एलसीडी शहाणे हायेत. 'आउट ऑफ रेंज' लिहितात अन गप बसतात.

प्रूफवाली
आता 'घेतो' या क्रियापदाकडे या. फुटाळा यांनी "७५ घेतो का" लिहिलं, बोलीत ते चपखल आहे. पण घेणे आणि दाखवणे यांत फरक आहे. काही मॉनिटर ७५ चा सिग्नल घेतात, मेनूत ७५ असा आकडाही दाखवतात, आणि पडद्यावर मधलीमधली फ्रेम, म्हणजे एखादं चित्र, सरळ सोडून देतात. इंग्रजीत फ्रेम स्किपिंग. मराठीत यासाठी नवा शब्द घडवायला नको, प्रुफात ओळ गळते तशी इथे फ्रेम गळते. मॉनिटर फ्रेम गाळतो. 'गाळलेल्या जागा भरा' सगळ्यांनी सोडवलेलं आहे.

फुटाळा
हे तपासायला टेस्टयूएफओच्या पानावर चाचणी आहे. चौकोनांची जाळी असते, एकेक चौकोन क्रमाने उजळत जातो. मोबाइलच्या कॅमेऱ्यात शटर साधारण दशांश सेकंद ठेवून फोटो काढायचा. उजळलेले चौकोन सलग आले तर ठीक. मध्ये एखादा काळा राहिला की फ्रेम गळतेय. नुसत्या डोळ्यांना काही समजत नाही. आमच्या हॉस्टेलवर एकजण ७५ चा भाव सांगून मॉनिटर विकत होता, फोटोत दर पाचवा चौकोन काळा निघाला. म्हणजे ६० च.

महालकर
पण ६० वरून ७५ ने मिळतं काय?

फुटाळा
एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांऐवजी १३.३ मध्ये येते. माउस हलवताना कळतं. १४४ पाहिलेल्याला काहीच वाटणार नाही. सिनेमा बघणारे ७२ वर थांबतात, कारण सिनेमा २४ फ्रेमचा, त्याची बरोबर तिप्पट. ६० वर एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा असं होतं आणि कॅमेरा आडवा फिरला की धक्के जाणवतात.

बर्डीवाला
अन नवतप्यात कोणी ताणू नका. बहुतेक मॉनिटरच्या पुस्तकात ० ते ४० डिग्री लिहून असते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५, अन वाचनालयाच्या खोलीत कूलर बंद असला तं मॉनिटरच्या मागं काय असन, विचार करा.

महालकर
तर मसुदा असा:
"पडद्याचा हर्ट्झ दर ताणू नये. यादीत दिलेला दर निवडल्यास हरकत नाही. पडदा काळा झाल्यास १५ सेकंद काही दाबू नये, जुना दर आपोआप परत येतो."

प्रूफवाली
मसुदा चांगला आहे. पण ते १५ सेकंद विंडोजच्या सेटिंगमधून दर बदलला तरच. सीआरयूने बदलला तर परत येईलच असं नाही. तेव्हा सेफ मोडमध्ये जाऊन त्याच्यासोबत येणारा रीसेट प्रोग्रॅम चालवावा लागतो. ती ओळ फलकावर नको, ग्रंथपालांच्या वहीत लिहा. आणि 'यादीत' च्या आधी 'विंडोजच्या' घाला, नाहीतर लोक पुस्तकांची यादी शोधतील.

बर्डीवाला
'ताणू नये' नाही, 'ताणू नका' लिहा. 'नये' वाचून कोणी ऐकत नाही.