मदत हवी आहे: जिराच्या एपिकवरून ‘की रिझल्ट’ची टक्केवारी काढताना भाजक कसा स्थिर ठेवायचा?

जिरा क्लाउड या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमधली कामं स्ट्रॅटेजी प्लॅनिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या उद्दिष्टांना जोडली आहेत. प्रत्येक की रिझल्टला, म्हणजे उद्दिष्टाच्या मोजता येणाऱ्या निकालाला, एक जेक्यूएल फिल्टर (जिरातल्या शोधाची अट) आहे आणि प्रगती म्हणजे पूर्ण इश्यू (नोंदवलेली कामं) भागिले एकूण इश्यू. जोडणी नीट चालते, अडचण आकड्याच्या अर्थाची आहे. ४० पैकी २४ पूर्ण असताना ६०% दिसतं. मग त्याच एपिकमध्ये (मोठ्या कामाच्या गटात) २० नवीन स्टोऱ्या (त्यातली छोटी कामं) आल्या की आकडा थेट ४०% वर येतो. काम मागे गेलेलं नसतं, तरी आढाव्यात उद्दिष्ट लाल दिसतं.

सब-टास्क (इश्यूखालची उपकामं) फिल्टरमधून वगळले आहेत, नाहीतर एकच काम दोनदा मोजलं जातं. ‘करायचं नाही’ म्हणून बंद केलेले इश्यूही ‘डन’ (पूर्ण) कॅटेगरीत येतात, म्हणून रिझोल्यूशनची (इश्यू कशामुळे बंद झाला त्याची) अट घातली आहे. स्टोरी पॉइंट (कामाच्या आकाराचा अंदाज) वापरता येत नाहीत, कारण सगळ्या टीम ते भरत नाहीत. जोडणीसाठीच्या सर्व्हिस अकाउंटला सगळे प्रोजेक्ट दिसतात, तेव्हा परवानगीचा प्रश्न नाही.

तिमाहीच्या सुरुवातीला इश्यूंना लेबल लावून फक्त तेच मोजायचे, असा विचार आहे. पण स्टोरी फोडली की नव्या तुकड्यावर लेबल राहीलच याची खात्री नाही, आणि खरोखर वाढलेलं काम लपतं, ते त्याहून वाईट.

नवीन प्लगिन घेता येणार नाही. रोज रात्री आरईएसटी एपीआयवरून (जिरातला डेटा प्रोग्रामने वाचायच्या सोयीवरून) स्क्रिप्ट चालवता येते. मूळ व्याप्ती आणि वाढीव व्याप्ती असे दोन आकडे तुम्ही कसे ठेवता, आणि फोडलेली स्टोरी कोणत्या आकड्यात धरता?