मदत हवी आहे: रोमची अंडरग्राउंड टूर – पायऱ्या किती? (तातडीचं)

घाईतला_माणूस
नमस्कार मंडळी. रोमच्या अंडरग्राउंड टूरची दोन तिकिटं काढलीत, बुधवार सकाळची. आता टूरवाल्याचा मेल आलाय की आत बऱ्याच पायऱ्या आहेत, जमीन ओबडधोबड आहे, गुडघेदुखी असेल तर विचार करून या. बऱ्याच म्हणजे किती? पैसे परत मिळायची मुदत उद्या संध्याकाळी संपते. कोणी जाऊन आलं असेल तर फक्त आकडा सांगा. विकिपीडियाची लिंक देऊ नये, वाचून झालंय.

भटकभवानी
कुठली अंडरग्राउंड? आणि गुडघा कोणाचा?

सह्यकडा_७
१३१ उतरायला, ११२ चढायला. गोल जिना, अरुंद, मध्ये टेकायला जागा नाही. खाली दोन्ही बाजूंना कवट्या आणि मांड्यांची हाडं, वखारीत सरपण रचतात तशी. आमच्या सासूबाईंनी त्या रात्री जेवण केलं नाही.

घाईतला_माणूस
१३१?? आईचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललाय. मग रद्दच करतो. आभारी आहे.

भटकभवानी
अहो, थांबा थांबा. सह्यकडा, हे तुम्ही पॅरिसचं सांगताय. १३१ पायऱ्या आणि रचलेली हाडं, दोन्ही पॅरिसची. तिथे शहरातली स्मशानं रिकामी करून लाखो लोकांची हाडं जुन्या दगडखाणींत नेऊन टाकली होती. रोमच्या कॅटॅकोम्बमध्ये, म्हणजे भुयारातल्या दफनभूमीत, कवट्यांच्या भिंती नसतात.

सह्यकडा_७
१२ दिवसांत ७ देश केले होते, पॅरिस असेल. पण गुडघ्याला काय कळतंय पॅरिस का रोम.

निवृत्त_मास्तर
धागाकर्त्याने टूर मुळीच रद्द करू नये. या भुयारांना फार मोठा इतिहास आहे. रोमन सम्राट ख्रिस्ती लोकांचा छळ करत, तेव्हा ते बिचारे वर्षानुवर्षं या अंधाऱ्या भुयारांत लपून राहत, तिथेच स्वयंपाक, तिथेच प्रार्थना. मी आठवीच्या वर्गाला हे इतकं रंगवून सांगायचो की पोरं तास संपला तरी उठायची नाहीत.

तिबेरकाठची
मास्तर, नमस्कार. रोममध्ये राहून मला १४ वर्षं झाली, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला घेऊन मी त्या भुयारांत उतरते, म्हणून जरा बोलते. लपून राहण्याची गोष्ट पोरांना आवडते हे खरं, पण ती जागा राहण्याची नाहीच. ती दफनभूमी आहे. आणि कुठे आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, सरकारलासुद्धा. जी जागा सरकारला माहीत, तिथे लपणार कोण?

रोममध्ये शहराच्या हद्दीत प्रेत पुरायलाही बंदी आणि जाळायलाही. हा नियम इ.स.पू. ४५० च्या सुमाराच्या बारा पाट्यांच्या कायद्यातला. म्हणून जुन्या कबरी वेशीबाहेर, आप्पिया रस्त्यासारख्या हमरस्त्यांच्या कडेला आहेत. ख्रिस्ती लोकांना प्रेत दहन करायचं नव्हतं, पुरायचं होतं, आणि जमीन महाग. मग खालीच खणत गेले. तिथला तुफा नावाचा ज्वालामुखीचा दगड खणताना मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. खणणाऱ्यांना फोस्सोर म्हणत, तो त्यांचा धंदाच होता. बोळाच्या दोन्ही भिंतींत एकावर एक आडवे कोनाडे, एकेकात एक माणूस, तोंडावर संगमरवराची फरशी नाहीतर कौलं. रेल्वेच्या स्लीपर डब्यातल्या बर्थ डोळ्यापुढे आणा. बहुतेक कोनाडे आज रिकामे आहेत, कारण आठव्या-नवव्या शतकात हुतात्म्यांचे अवशेष शहरातल्या चर्चमध्ये हलवले. एकट्या सान कालिस्तो कॅटॅकोम्बमध्ये सुमारे २० किलोमीटरचे बोळ आहेत, १६ पोप तिथे पुरले होते.

घाईतला_माणूस
सगळं छान आहे ताई, पण आकडा?

तिबेरकाठची
आधी तिकिटावर काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे टाका. मला भलताच संशय येतोय.

घाईतला_माणूस
"कोलोसियम अंडरग्राउंड अँड अरीना, रोमन फोरम, पॅलेटाईन हिल. गाईडेड वॉकिंग टूर. ३ तास." सकाळी ९:३०.

तिबेरकाठची
तोच संशय होता. ही कॅटॅकोम्ब नव्हेतच. हे कोलोसियमचं तळघर, हायपोजियम म्हणतात. आखाड्याच्या लाकडी फळ्यांखाली वाघ-सिंह, अस्वलं, ग्लॅडिएटर सगळे तिथे थांबायचे, आणि माणसांनी फिरवलेल्या रहाटांवर पिंजरे वर चढायचे. कोलोसियमचं उद्घाटन इ.स. ८० मध्ये सम्राट तितुसने केलं, तळघर त्याचा धाकटा भाऊ दोमितियानच्या काळातलं. एक पिंजऱ्याचा पाळणा जुन्या पद्धतीने नव्याने करून ठेवलाय, तोही बघायला मिळतो. एकही कबर नाही.

घाईतला_माणूस
काय सांगता! बाबांना कबरीच बघायच्यात. "भुयारातल्या कबरी" म्हणून महिनाभर माझ्या डोक्याशी कटकट चाललीय. मी सर्चमध्ये अंडरग्राउंड टाकलं आणि पहिलं आलं ते घेतलं.

कोकणी_कासव
असंच होतं घाईत. शेंगेनचा व्हिसा झालाय ना? आमच्या मेव्हण्यांचा नाकारला होता, बँकेचं स्टेटमेंट सहा महिन्यांचं लावा.

घाईतला_माणूस
व्हिसा झालाय. तो प्रश्नच नाहीये.

भटकभवानी
मग दोन्ही करा की. सकाळी कोलोसियम, दुपारी कॅटॅकोम्ब. बाकीचे दिवस काय आहे?

घाईतला_माणूस
ग्रुप टूर आहे, मंगळवारी रात्री रोम, गुरुवारी सकाळी फ्लोरेन्स. बुधवारी ग्रुप पॉम्पेईला जाणार, ते ऑप्शनल होतं, १३० युरो माणशी, म्हणून घेतलं नाही. बुधवार पूर्ण मोकळा.

भोकरदनकर
पॉम्पेई सोडलं?? अहो, चूक केलीत. १९३८ मध्ये त्या राखेखालून हस्तिदंताची बाई निघाली, वीतभरापेक्षा जरा मोठी, अंगावर दागिन्यांशिवाय काही नाही, "पॉम्पेईची लक्ष्मी" म्हणतात. आणि तशाच घडणीची मूर्ती आमच्या भोकरदनच्या उत्खननात सापडलीय. म्हणजे इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखी फुटायच्या आधी मराठवाड्याकडचा माल थेट रोमन माणसाच्या घरात. मराठवाड्यातल्याच तेरला जा, कोल्हापूरला ब्रह्मपुरीत निघालेली रोमन समुद्रदेव पोसायडनची मूर्ती बघा. आपल्याला आपलंच माहीत नसतं.

भटकभवानी
ती मूर्ती पॉम्पेईत नाहीच, नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे. पॉम्पेईला जाऊनही दिसली नसती.

भोकरदनकर
नेपल्स काय, शेजारीच आहे. आणि लक्ष्मी हे नाव नंतर दिलेलं, यक्षी म्हणणारेही आहेत. नवा धागा काढतो.

निवृत्त_मास्तर
जरूर काढा. मी वाचेन. तिबेरकाठच्या ताई, तुमचं पटलं, पण निदान प्रार्थनेला तरी तिथे जमत असतील की नाही? की तेही माझ्या आठवीच्या पोरांना परत बोलावून सांगायचं?

तिबेरकाठची
जमायचे मास्तर, हुतात्म्यांच्या दिवशी थडग्यापाशी प्रार्थना व्हायची. ते बरोबरच शिकवलंत. फक्त स्वयंपाक काढून टाका.

आता धागाकर्ते, बुधवार म्हणालात म्हणून बरं झालं. सान कालिस्तो बुधवारी बंद असतं. दोमितिल्ला नावाचं कॅटॅकोम्ब मंगळवारी बंद, सान सेबास्तियानोचं बुधवारी उघडं. म्हणजे तुम्हाला दोमितिल्ला नाहीतर सान सेबास्तियानो. आई असतील तर मी डोळे मिटून सान सेबास्तियानो सांगेन. वर मोठं चर्च आहे, आईंना खाली उतरायचं नसेल तर बाकावर निवांत बसता येतं, तिथे शिल्पकार बेर्निनीने केलेला येशूचा अर्धपुतळाही आहे. बाबा खाली जाऊन येतील, अर्धा-पाऊण तासाचा मामला. आणि "कॅटॅकोम्ब" हा शब्दच त्या जागेवरून आलाय, हे त्यांना सांगा, खूश होतील. दोमितिल्ला दुपारी १२ ते २ बंद असतं, तिथे वेळ फुकट जायची भीती.

गाईड वेगळा घ्यायचा नाही. कॅटॅकोम्बमध्ये एकट्याला सोडतच नाहीत, तिकिटातच तिथला माणूस मिळतो. इंग्रजी गटाची पुढची वेळ खिडकीवर विचारायची. तिकीट मोठ्या माणसाला १० युरो. खाली फोटो काढायला मनाई. बाहेर कितीही ऊन असलं तरी खाली १५-१६ अंश असतं, आईंनाही स्वेटर द्या, मत बदललं तर.

सह्यकडा_७
खाली श्वास कोंडतो का? पॅरिसला कोंडला होता.

तिबेरकाठची
बोळ अरुंद, छत ठेंगणं, उजेड बेताचा. बंद लिफ्टमध्ये ज्यांना घाबरल्यासारखं होतं त्यांनी खाली जाऊ नये.

घाईतला_माणूस
आईला लिफ्टमध्ये होतं तसं. ती चर्चमध्येच बसेल. आता कोलोसियमचा आकडा.

आजोबा_बाराबंदी
आकड्याच्या मागे लागू नका. माझाही गुडघा बदललाय, गेल्या वर्षी हीच टूर केली. तळघराच्या पायऱ्या धरून धरून जमल्या, खाली दुरुस्तीनंतर लाकडी फलाट केलाय, त्यावरून सपाट चालायचं. वाट लागली ती फोरमला, म्हणजे जुन्या रोमच्या चौकात. काळ्या बेसॉल्टच्या दगडांचा रस्ता, दोन हजार वर्षांत झिजून कासवाच्या पाठीसारखा झालाय, मध्ये फटी. वर पॅलेटाईनचा चढ. सावली कुठेही नाही. गाईड बाई हातात झेंडा घेऊन पुढे, मी मागे. शेवटी पडक्या खांबाच्या तळाशी बसलो आणि बायकोला म्हटलं, तू ये जाऊन सीझरला भेटून.

तेव्हा कोलोसियम पूर्ण बघा आणि फोरमला निघालं की गाईडला सांगून सुटा. उगाच तीन तास पुरे करायची हौस नको.

भटकभवानी
+१. आणि मग मधला वेळ सान क्लेमेंतेला घालवा. कोलोसियमपासून चालत दहा मिनिटांत. वर बाराव्या शतकातलं चर्च, त्याच्या खाली चौथ्या शतकातलं, त्याच्याही खाली रोमन घर आणि मिथ्रास नावाच्या देवाचं देऊळ, आणि भिंतीआड पाणी वाहताना ऐकू येतं. कोणी घाई करत नाही. माझ्या मते कॅटॅकोम्बपेक्षा हेच भारी.

तिबेरकाठची
भारी आहे, पण त्यांच्या बाबांना कबरी हव्यात. आणि तिथेही दोन मजले उतरायचंय, त्याच गुडघ्याने.

घाईतला_माणूस
बरोबर. सान सेबास्तियानोला बस कुठली? आई-बाबांना व्हॉट्सॲप करून ठेवतो.

तिबेरकाठची
करून ठेवतो म्हणजे? तुम्ही बरोबर नाही?

घाईतला_माणूस
मी बंगळुरूला. ते दोघंच जाणार आहेत. सांगितलं नाही का?

भटकभवानी
😑

तिबेरकाठची
नाही सांगितलंत. मग बसचं विसरा. ११८ नंबरची बस जाते, पण ती कधी येईल हे तिचं तिलाच ठाऊक. कोलोसियमपाशी मीटरची पांढरी टॅक्सी घ्यायची, चालकाला "सान सेबास्तियानो, आप्पिया आन्तिका" एवढं म्हणायचं. परत निघताना तिकीट खिडकीवरच्या माणसाला टॅक्सी बोलवायला सांगायचं, रस्त्यावर उभं राहून मिळणार नाही. सोन्याची चेन हॉटेलात ठेवायची. हॉटेल कुठे आहे?

घाईतला_माणूस
रोमलाच. म्हणजे पत्ता रोमचा आहे, मॅपवर मध्यापासून २४ किलोमीटर दाखवतंय.

आजोबा_बाराबंदी
ग्रुप टूरचं हॉटेल असंच असतं, आमचं तर विमानतळाच्या जास्त जवळ होतं. सकाळी ९:३० ला पोचायचं तर ७:३० ला निघा. उशीर झाला तर थांबत नाहीत. पाठीवर मोठी सॅक नको, आत घेत नाहीत.

तिबेरकाठची
आणि एक शेवटचं. ऑक्टोबर २०२३ पासून कोलोसियमची तिकिटं नावाची असतात, दारात पासपोर्ट बघतात. तिकिटावरची नावं पासपोर्टवरचीच आहेत ना?

घाईतला_माणूस
बाबांचं आहे. आईचं... लग्नात नाव बदललं होतं. घरी सगळे नवीनच म्हणतात, मी तेच टाकलं. पासपोर्टवर बहुतेक जुनं आहे. बघतो.

घाईतला_माणूस
जुनंच आहे. पहिलं नावही वेगळं, आडनावही वेगळं.

तिबेरकाठची
आजच, आत्ता, ज्याच्याकडून तिकिटं घेतली त्याला पासपोर्टच्या पानाचा फोटो पाठवून नाव बदलून मागा. तो नाही म्हणाला तर रद्द करून नव्याने काढा, मुदत उद्यापर्यंत आहेच ना. पायऱ्यांसाठी ठेवली होतीत, नावासाठी कामी आली.

कोकणी_कासव
व्हिसावर कुठलं नाव आहे? म्हणून मी आधीच विचारलं होतं.

घाईतला_माणूस
व्हिसावर पासपोर्टचंच. मेल पाठवला. तासाभरात उत्तर आलं, नाव बदलून दिलं, १० युरो जास्तीचे घेतले. सर्वांचे आभार. एकच राहिलं, आई विचारतेय की कबरी आहेत तर आत चपला काढाव्या लागतात का?

तिबेरकाठची
नाही हो. उलट चांगले पकड असलेले बूट घाला म्हणावं, जमीन दमट असते. खांदे मात्र झाकलेले असू देत. पण त्या तर वरच बसणार होत्या ना?

घाईतला_माणूस
आता म्हणतेय, इतक्या लांब जाऊन बाकावर बसू का.